वीस मीटर पाणी

ओहोटी लागली की वाढवणचा समुद्र मागे सरतो आणि खडक वर येतात. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यातलं हे गाव. काळ्या खडकांचे लांबच लांब पट्टे, मधल्या खळग्यांत साचलेलं पाणी, त्यात अडकलेले खेकडे आणि पाटी घेऊन, वाकून कालवं-शिंपल्या वेचणाऱ्या बायका. उधाणाच्या दिवसांत इथे भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. सकाळी जिथे होडी तरंगत होती, तिथून दुपारी माणूस चालत जातो. आणि याच गावासमोर, काही किलोमीटर पश्चिमेला गेलं की समुद्राचा तळ १८ ते २० मीटर खाली उतरतो. ती खोली कुणी खणलेली नाही. ती निसर्गतःच तशी आहे.

या खोलीसाठीच इथे बंदर येतं आहे. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवण बंदराला ७६,२२० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पालघरमध्ये पायाभरणी झाली. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के वाटा असलेली एक कंपनी त्यासाठी उभी राहिली आहे. पूर्ण क्षमतेने चालू झाल्यावर हे बंदर वर्षाला २९ कोटी ८० लाख टन माल हाताळेल आणि त्यात सुमारे २ कोटी ३२ लाख कंटेनर असतील, असा सरकारचा अंदाज आहे.

आकडे मोठे आहेत आणि मोठ्या आकड्यांनी डोळे दिपतात. म्हणून आधी ते वीस मीटर पाणी कशाला हवं, हे समजून घ्यायला हवं.

जहाजाचा जेवढा भाग पाण्याखाली बुडालेला असतो त्याला ड्राफ्ट म्हणतात. माल भरत जावा तसं जहाज खाली बसत जातं. आज जगातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर जहाजांचा ड्राफ्ट १६ मीटरच्या पुढे जातो. समुद्राचा तळ आणि जहाजाचं बूड यांच्यात काही मीटर मोकळं पाणी राखावंच लागतं, कारण लाटेबरोबर जहाज खालीवर होतं. म्हणजे अशा जहाजाला निर्धास्तपणे आत यायचं तर १८-२० मीटर खोली हवी.

ही जहाजं केवढी असतात याची कल्पना किनाऱ्यावर उभं राहूनही येत नाही. ९ जून २०२५ रोजी केरळातल्या विळिंजम बंदराला ‘एमएससी इरिना’ नावाचं जहाज लागलं. लांबी जवळपास ४०० मीटर. मुंबईची पंधरा डब्यांची लोकल तिच्याशेजारी उभी केली तर लोकल कमी भरेल. रुंदी ६१ मीटर. वीस फुटी डब्यांच्या मापात बोलायचं तर तिच्यावर २४,३४६ डबे मावतात. हे डबे जमिनीवर टोकाला टोक लावून मांडले तर रांग सुमारे १४८ किलोमीटर होईल, म्हणजे मुंबईहून पुण्यापर्यंत. कंटेनरची ही वाहतूक सुरू झाली १९५६ साली. त्या वर्षी २६ एप्रिलला अमेरिकेतल्या न्यूआर्कहून ह्यूस्टनला निघालेल्या ‘आयडियल-एक्स’ या जहाजावर ५८ डबे होते. सत्तर वर्षांत ५८ चे चोवीस हजार झाले आणि जगभरच्या बंदरांना आपापलं पाणी खोल करत बसावं लागलं.

भारताला हे जमलेलं नव्हतं. देशातून जाणारा बराच माल आधी लहान जहाजाने कोलंबो, सिंगापूर किंवा मलेशियातल्या क्लांगला जातो. तिथे तो उतरवायचा, आणि मग मोठ्या जहाजावर चढवून युरोप-अमेरिकेला न्यायचा. आगगाडीच्या प्रवासात जंक्शनला गाडी बदलावी तसं. मधल्या बंदरात डब्याची ही जी अदलाबदल होते, त्यातला भारताचा जवळजवळ तीन चतुर्थांश माल परदेशी बंदरांत हाताळला जातो, असं केंद्र सरकारच सांगत आलं आहे. प्रत्येक वेळी डबा उचलण्याचे पैसे लागतात, दिवस मोडतात, आणि ते पैसे शेवटी निफाडच्या द्राक्षबागायतदाराच्या नाहीतर इचलकरंजीच्या कापड व्यापाऱ्याच्या हिशेबात येऊन पडतात. द्राक्षांचा डबा शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवावा लागतो. तो बंदरात एक दिवस जास्त थांबला तर एका दिवसाची वीज लागते आणि फळाचं एका दिवसाचं आयुष्य जातं.

महाराष्ट्राकडे मोठं बंदर नाही असं नाही. उरणजवळ न्हावा-शेवा इथलं जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं आणि आज देशातल्या मोठ्या सरकारी बंदरांतून जाणाऱ्या कंटेनरांपैकी निम्म्याहून अधिक डबे तिथून जातात. २०२४-२५ या वर्षात तिथे सुमारे ७३ लाख डबे हाताळले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये सिंगापूरच्या पीएसए कंपनीच्या टर्मिनलचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यामुळे त्या एका टर्मिनलचा धक्का दोन किलोमीटर लांबीचा झाला आणि बंदराची एकूण क्षमता वर्षाला एक कोटी डब्यांच्या पुढे गेली.

तिथलं काम एकदा जवळून पाहावं. धक्क्यावरच्या निळ्या-लाल क्रेनची केबिन दहा-बारा मजली इमारतीच्या उंचीवर असते. तिची जमीन काचेची. चालक खुर्चीत पुढे वाकून, आपल्याच पायांखालच्या काचेतून खाली बघत बसलेला असतो. खाली जहाजावर डब्यांची चळत. तारांवर लोंबणारी पोलादी चौकट तो त्या चळतीवर उतरवतो. डब्याच्या चारही कोपऱ्यांना जाड पोलादी गाठी असतात आणि त्यांना भोकं असतात. चौकटीच्या चार कोपऱ्यांतल्या खुंट्या त्या भोकांत शिरल्या की नव्वद अंशांत फिरतात आणि डबा पकडला जातो. केबिनमध्ये दिवा लागतो, डबा उचलला जातो, धक्क्यावर वाट पाहणाऱ्या ट्रेलरवर अलगद ठेवला जातो. चांगला चालक तासाला पंचवीस-तीस डबे सहज काढतो. वाऱ्याने चौकट झुलत असते, जहाज भरतीबरोबर वर चढत असतं, आणि या हलत्या दोन टोकांमध्ये बोटभर भोकात चार खुंट्या एकाच वेळी बसवायच्या असतात. या कौशल्याची वर्णनं आपल्याकडे क्वचितच छापून येतात. बंदर म्हटलं की फोटो नेत्यांचे आणि कोनशिलांचे येतात.

पण न्हावा-शेवाची अडचण पाण्यातच आहे. ते बंदर मुंबईच्या खाडीत, आडोशाला आहे. आडोशामुळे लाटा लागत नाहीत, तसाच तिथे गाळही साचतो. जहाजांसाठी समुद्राच्या तळाशी एक लांबच लांब मार्ग खणून ठेवलेला आहे. तो आता सुमारे १५ मीटर ड्राफ्टची जहाजं येऊ शकतील इतका खोल केला आहे. मात्र दर पावसाळ्यात नद्या-खाड्यांचा गाळ त्यात येऊन बसतो आणि तो पुन्हा उपसावा लागतो. शेतातल्या विहिरीचा गाळ काढावा तसं हे काम दर वर्षी, कायमचं. शिवाय मागच्या बाजूला शहर वाढलं, रस्ते ट्रेलरनी भरले, धक्का वाढवायला जागा उरली नाही. म्हणून नजर उत्तरेकडे वळली.

वाढवणला मात्र आडोसा नाही. खोल पाणी आहे, पण ते थेट अरबी समुद्राच्या तोंडावर आहे. त्यामुळे १०.१४ किलोमीटर लांबीचा लाटारोधक बंधारा समुद्रात बांधायचा आहे. त्याच्या आत समुद्रातच भराव घालून १,४४८ हेक्टर जमीन तयार करायची आहे. दादरच्या शिवाजी पार्कचं मैदान साधारण सव्वाअकरा हेक्टरांचं. तशी सव्वाशेहून अधिक मैदानं, आज जिथे पाणी आहे तिथे. या नव्या जमिनीच्या कडेला प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल, इतर मालासाठी चार बहुउद्देशीय धक्के, तेल-वायूसारख्या द्रवमालासाठी चार, मोटारी थेट चालवत चढवण्या-उतरवण्यासाठी एक आणि तटरक्षक दलासाठी एक, अशी आखणी आहे.

भरावासाठी सुमारे २० कोटी घनमीटर वाळू दमणच्या समोरच्या समुद्रातून आणायची आहे. ही वाळू फावड्याने काढायची नसते. गाळ उपसणाऱ्या जहाजाच्या कडेने एक जाड नळी तळापर्यंत सोडतात. जहाज हळूहळू पुढे सरकत राहतं आणि नळीच्या तोंडाने तळाची वाळू पाण्यासकट वर ओढली जाते. पाणी सांडून जातं, वाळू जहाजाच्या पोटात साचते. पोट भरलं की जहाज भरावाच्या जागी येतं आणि ती वाळू पुन्हा पाण्यात कालवून, मोठ्या नळातून फवाऱ्यासारखी फेकतं. वीस कोटी घनमीटर वाळू १,४४८ हेक्टरांवर सारखी पसरली तर थर जवळजवळ १४ मीटरचा होईल, चार मजली इमारतीएवढा. जिथून ती काढली जाईल तो तळही जिवंत असतो, हे इथे विसरून चालणार नाही.

भराव समुद्रात घातला जाणार असल्याने बंदरासाठी गावं उठणार नाहीत, असं प्रशासन वारंवार सांगतं. बंदराच्या मुख्य जागेपुरतं ते खरं आहे. पण नुसतं समुद्रातलं बेट काय कामाचं? डबा उतरला की तो तिथून हलला पाहिजे. त्यासाठी मुंबई-अहमदाबाद महामार्गापर्यंत सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता आणि मालगाड्यांच्या समर्पित मार्गापर्यंत सुमारे १२ किलोमीटरचा लोहमार्ग टाकायचा आहे. शिवाय पालघर जिल्ह्यातलं तवा ते इगतपुरी तालुक्यातलं भरवीर असा जवळपास १०५ किलोमीटरचा नवा रस्ता समृद्धी महामार्गाला जोडण्याचं राज्य सरकारने ठरवलं आहे. नाशिक, मराठवाडा, विदर्भाच्या दृष्टीने हा जोडरस्ता फार मोलाचा ठरेल. लासलगावचा कांदा असो की नागपूरची संत्री, त्यांना मुंबईच्या कोंडीत शिरावं लागणार नाही. या सगळ्याला जमीन लागते आणि ती जमीन पालघरच्या शेतकऱ्याची, आदिवासीची असते. जव्हार-डहाणू पट्ट्यातल्या वारली कुटुंबाकडे जमिनीचा जो तुकडा असतो, तो सातबाऱ्यावर असतोच असं नाही. पिढ्यान् पिढ्या कसत आलेल्या वनजमिनीचे दावे अनेक ठिकाणी अजून कागदांत अडकलेले आहेत. भरपाई कुणाला मिळणार, हा प्रश्न तिथेच पहिल्यांदा अडतो.

डहाणूचा आणि मोठ्या प्रकल्पांचा झगडा जुना आहे. १९८०-९० च्या काळात इथे औष्णिक वीज प्रकल्प आला तेव्हा घोलवड-डहाणूचे चिकूबागायतदार आणि पर्यावरणप्रेमी न्यायालयात गेले. त्या पार्श्वभूमीवर २० जून १९९१ रोजी केंद्राने एक खास अधिसूचना काढली. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि उद्योगांना जास्तीत जास्त ५०० एकरांची मर्यादा घालण्यात आली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. त्याचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी.

पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या एका कंपनीने वाढवणला बंदराचा प्रस्ताव आणला. प्राधिकरणाने सुनावण्या घेतल्या, गावकऱ्यांचं म्हणणं ऐकलं आणि १९९८ मध्ये परवानगी नाकारली. डहाणूच्या अधिसूचनेत हे बंदर बसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यानंतर बरीच वर्षं इथलं पाणी शांत होतं.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने बंदराला तत्त्वतः मान्यता दिली, तेव्हा खर्चाचा अंदाज सुमारे ६५,५४५ कोटींचा होता. न्यायमूर्ती धर्माधिकारी २०१९ च्या जानेवारीतच गेले होते. नव्या रचनेतल्या त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी, अटी घालून, बंदराला ना-हरकत दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. एकाच किनाऱ्याबद्दल एकाच संस्थेने पंचवीस वर्षांच्या अंतराने दोन उलट निर्णय दिले. दोन्ही वेळचे आराखडे वेगळे होते, बंदर आता आणखी आत समुद्रात सरकलं आहे, हे मान्य केलं तरी गावकऱ्यांच्या मनात जो प्रश्न उरतो तो साधा आहे: समुद्र तोच, मासे तेच, खडक तेच, मग बदललं काय? या प्रश्नाला अहवालांच्या पानांतून उत्तर देऊन भागत नाही. ते उत्तर गावात बसून, गावच्या भाषेत समजावायला हवं होतं, आणि तसं पुरेसं झालं नाही, हे जनसुनावण्यांमधल्या आणि मोर्च्यांमधल्या गर्दीनेच सांगितलं. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही घोषणा डहाणूपासून मुंबईच्या कोळीवाड्यांपर्यंत पोचली ती उगाच नाही.

कोळ्याच्या दृष्टीने बंदर म्हणजे काय, हे कळायला डोल जाळं समजून घ्यावं लागतं. पालघरच्या किनाऱ्यावर बोंबील धरायला हे जाळं वापरतात. ते माशांचा पाठलाग करत नाही. समुद्राच्या तळात खुंट ठोकायचे, त्यांना भल्या मोठ्या पिशवीसारखं जाळं बांधायचं, तोंड प्रवाहाच्या दिशेला ठेवायचं, आणि भरती-ओहोटीचं वाहतं पाणी मासळी घेऊन त्या पिशवीत शिरेल याची वाट पाहायची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात ओढतं, तेव्हा जाळं भरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग लागतो, पाण्याची ओढ मंदावते, तेव्हा जाळ्यात फारसं काही येत नाही. पंचांग कोळ्याच्या घरात या कामासाठीही बघतात. जाळी लावायच्या या ठरलेल्या जागांना इथे कव म्हणतात. कव कुणाची, यावरून गावागावांत, अगदी वसई आणि सातपाटी-डहाणूच्या मच्छीमारांत, वर्षानुवर्षं वाद चालत आले आहेत. यावरूनच त्या जागांची किंमत कळते.

दहा किलोमीटरचा बंधारा लाटा अडवण्यासाठीच बांधला जातो. लाट अडली की प्रवाहही आपली वाट बदलतो. जाळ्याच्या दृष्टीने हा बदल मोठा, कारण डोल उचलून दुसरीकडे लावली म्हणजे झालं, असं होत नाही. दुसरी जागा दुसऱ्याची असते. भर म्हणून जहाजांचा येण्याजाण्याचा मार्ग, नांगर टाकून थांबण्याचं क्षेत्र, बांधकामाच्या काळातली बार्जेसची ये-जा आणि गढूळ पाणी. अंगावर येतं ते हे सगळं मिळून.

दुसरीकडे, हे मासे काही किरकोळ नाहीत. बोंबील तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने बांबूच्या आडव्या दांड्यांवर टांगतात. उन्हात दोन-तीन दिवसांत ते काडीसारखे वाळतात आणि पावसाळ्यात महाराष्ट्रभरच्या स्वयंपाकघरांत पोचतात. टांगायचं, उलटायचं, रात्री दवाने भिजू नयेत म्हणून झाकायचं आणि शेवटी बाजारात नेऊन विकायचं, हे सगळं बायकांच्या हातात असतं. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा दर्जा जाहीर झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये याच जिल्ह्यातल्या, सातपाटीशेजारच्या मुरब्याच्या एका बोटीला एकाच फेरीत १५७ घोळ मासे लागले आणि ते सुमारे १ कोटी ३३ लाखांना गेले. घोळीच्या पोटातल्या फुग्याला, म्हणजे बोताला, परदेशात औषधासाठी मोठी मागणी आहे. आता त्या मुरब्यालाही आणखी एका खासगी बंदराचा प्रस्ताव पुढे सरकला आहे. एकाच किनाऱ्यावर दोन बंदरं म्हटल्यावर त्यांचा परिणाम एकत्र मोजला पाहिजे. प्रत्येकाचा अहवाल सुटा सुटा तपासला तर माशाला दोन्हीकडून बसणारा धक्का कुठल्याच कागदावर येत नाही.

आणि गाव म्हणजे सगळेच कोळी नव्हेत. वाढवण, वरोर, चिंचणी या परिसरात घरोघरी डायमेकिंगचा धंदा आहे. सोन्याच्या दागिन्यांची नक्षी ज्या पोलादी साच्यात दाबून उमटवतात, ते साचे इथे कोरले जातात. नक्षी उलटी कोरायची, म्हणजे दागिना सुलट उठतो. भिंगातून बघत केसाएवढी रेघ पोलादात काढणारी ही माणसं देशभरच्या सराफ बाजारांना साचे पुरवतात. त्यांचं काम समुद्रावर चालत नाही, पण गाव विस्कटलं तर तेही विस्कटेल. किनाऱ्यावरचा शंखोदर हा खडकाळ भाग गावकरी पवित्र मानतात. त्याची गणना कोणत्या रकान्यात करायची, हे अजून कुणाला सुचलेलं दिसत नाही.

रोजगाराचं आश्वासन मोठं आहे. प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून सुमारे १२ लाख नोकऱ्या, असं सरकार म्हणतं. जगात ज्या बंदरांमागे गोदामं, शीतगृहं, दुरुस्तीची कारखानदारी उभी राहिली, तिथे कामं खरोखर वाढली, हे नाकारता येणार नाही. पण नवी टर्मिनलं आज अधिकाधिक यंत्रांवर चालतात. काही ठिकाणी तर क्रेनचा चालक केबिनमध्ये नसतोच. तो दूरच्या खोलीत पडद्यासमोर बसून काम करतो. तिथे हवा असतो तो आयटीआय, डिप्लोमा, संगणक, इंग्रजी येणारा तरुण. डहाणू-पालघरच्या मुलामुलींना हे शिक्षण धक्का बांधून होईपर्यंत मिळालं नाही, तर कामं बाहेरून आलेल्यांना जातील आणि गावात चहाची टपरी नि पहारेकऱ्याची जागा तेवढी उरेल. प्रकल्पाच्या कंपनीने कौशल्य प्रशिक्षणाची योजना जाहीर केली आहे. तिच्यात किती स्थानिक मुलं शिकली आणि त्यातली किती पुढे नोकरीला लागली, हे दोन आकडे दरवर्षी गावाच्या चावडीवर लावले जावेत.

कारण न्हावा-शेवाच्या लोकांनी ही वाट आधी चाललेली आहे.

तिथल्या जमिनी सरकारने नवी मुंबई आणि बंदरासाठी घेतल्या, तेव्हा रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. त्या आंदोलनातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व मान्य झालं. बंदर १९८९ ला सुरू झालं, पण बंदरग्रस्तांच्या हातात साडेबारा टक्क्यांची इरादापत्रं पंतप्रधानांच्या हस्ते पडली ती १६ ऑगस्ट २०१४ रोजी. गोळीबाराला तोवर तीस वर्षं होऊन गेली होती.

शेवा कोळीवाड्याची गोष्ट त्याहून हलवून टाकणारी आहे. बंदरासाठी १९८० च्या दशकात हे गाव उठवलं आणि उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसवलं. नव्या वस्तीच्या जमिनीतच वाळवी निघाली. दारं, चौकटी, छपराची लाकडं, कपाटातले कागद, सगळं ती पोखरत गेली. गावकऱ्यांनी अर्ज केले, उपोषणं केली, शेवटी होड्या घेऊन समुद्रात उतरले आणि जहाजांच्या मार्गात उभे राहिले. ज्या पिढीने घर सोडलं तिची नातवंडं मोठी झाली तरी पुनर्वसनाचा प्रश्न धसास लागलेला नव्हता. एखादा सरकारी अधिकारी वाढवणला जाऊन ‘तुमची काळजी घेतली जाईल’ असं म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ही वाळवी असते. उरण आणि डहाणू लांब असले तरी कोळीवाड्यांत सोयरिकी असतात आणि बातम्या त्या वाटेनेही पोचतात.

मासेमारीचं नुकसान मोजणं तर आणखी अवघड. जमिनीला सातबारा असतो, समुद्राला नाही. म्हणून कित्येक वर्षं मच्छीमार हा प्रकल्पग्रस्तच धरला जात नसे. उरणच्या मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, तेव्हा लवादाच्या पुण्याच्या खंडपीठाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी १,६३० कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. त्यातला मोठा वाटा बंदराने, उरलेला ओएनजीसी आणि सिडकोने द्यावा, असं ठरवलं. बंदर सुरू होऊन तेव्हा जवळजवळ सव्वीस वर्षं झाली होती. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाशीच्या खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मच्छीमारांचा भरपाईचा हक्क मान्य केला आणि त्यानंतर राज्य सरकारला प्रकल्पबाधित मच्छीमारांसाठी धोरण आखावं लागलं. म्हणजे आता कायद्याची वाट तरी तयार आहे. १९८९ साली ती नव्हती.

त्यामुळे वाढवणला आज करण्यासारखं एक काम आहे आणि ते बंधारा पूर्ण होण्याआधीच करावं लागेल. खोल पाण्याचा हिशेब अभियंत्यांनी चोख केला आहे. तळाची माती, लाटांची उंची, गाळ किती येईल, हे सगळं प्रयोगशाळांत तपासून झालं. उथळ पाण्याचा हिशेब तितक्या बारकाईने झालेला नाही. कुठल्या गावाच्या किती होड्या, कुणाची कव कुठे, कोणत्या महिन्यात कोणता मासा, ओहोटीला खडकांवर जाऊन शेवंड, कालवं, खेकडे आणणाऱ्या किती बायका, बोंबील सुकवून घर चालवणाऱ्या विधवा किती, सूत विणणारे नि बर्फ पुरवणारे किती. होडीची नोंदणी पुरुषाच्या नावावर असते. खडकावर वेचणाऱ्या बाईच्या नावावर काहीच नसतं. भरपाईची यादी होडीच्या कागदांवरून केली तर ती पहिल्याच दिवशी यादीबाहेर पडेल.

बंदराला विरोध करणारे आणि ते हवं म्हणणारे, दोघांनाही ही मोजणी उपयोगाची आहे. न्यायालयात उद्या काहीही ठरलं तरी ती वाया जाणार नाही. ती करायला उपग्रह नकोत. धाकटी डहाणू, वाढवण, वरोर, चिंचणी, तडियाळे, गुंगवाडा या गावांतल्या मच्छीमार सहकारी संस्थांकडे होड्यांच्या वह्या आहेत, डिझेलच्या पावत्या आहेत, मासळीच्या विक्रीची नोंद आहे. आणि म्हाताऱ्या तांडेलांना, म्हणजे होड्यांच्या कप्तानांना, जाळी लावायच्या जागा पाठ आहेत. किनाऱ्यावरचं अमुक झाड आणि तमुक डोंगराचं टोक एका रेषेत आलं की इथे खुंट, अशा खुणा धरून ते अंधारातही जागेवर पोचतात. भराव वर आला, क्रेन उभ्या राहिल्या, की झाड आणि डोंगर यांच्या मधली ती रेषा दिसायची बंद होईल. नकाशा उघडून त्यांच्या शेजारी बसायचं, ते दाखवतील तिथे खूण करायची, खाली गावाचं नाव आणि घराचं नाव लिहायचं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, मासेमारी बंद असते आणि सगळे तांडेल घरी असतात. तेवढे दोन महिने या कामाला पुरतील.